तारेवरून आलेली नाडी

सन १९०५ च्या मार्च महिन्याची २२ तारीख. हॉलंडांतील लायडन या विद्यापीठाच्या गांवीं एक धट्टाकट्टा गृहस्थ शरीरविज्ञानाच्या प्रयोगशाळेंतून निघाला आणि सायकलीवरून दीड किलोमीटर अंतरावरील रुग्णालयांत गेला. तेथें त्याचे हात व एक पाय मिठाच्या पाण्यानें भरलेल्या भांड्यांत बुडविण्यांत आले. भांड्यांना तारा जोडण्यांत आल्या आणि त्या तारा दूरध्वनीच्या तारेशीं. थोड्या वेळानें, तो जेथून निघाला होता त्याच प्रयोगशाळेंत, त्याच्या हृदयाचे ठोके रेषारूपानें उमटूं लागले. शरीर एका ठिकाणीं आणि त्याची नाडी दुसऱ्या ठिकाणीं, हा प्रकार त्या काळीं नवलाचाच होता. आज ज्याला ‘डिजिटल आरोग्यसेवा’ म्हणतात, तिची वंशावळ मांडावयाची झाल्यास मूळपुरुषाच्या जागीं या सायकलस्वाराला बसवावें लागेल.

हा प्रयोग करणारे प्राध्यापक विल्लेम आइंथोव्हेन यांचा जन्म सन १८६० मध्यें जावा बेटांतील सेमारांग येथें झाला. वडील तेथेंच डॉक्टर होते. हृदयाच्या प्रत्येक स्पंदनाबरोबर शरीरांत अत्यंत क्षीण असा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हें पूर्वींच ठाऊक झालें होतें. परंतु तो बिनचूक टिपील असें साधन नव्हतें. आइंथोव्हेन यांनीं क्वार्ट्झची, केसाहूनहि बारीक अशी तार ओढली, तिला चांदीचा मुलामा दिला व ती प्रबळ विद्युच्चुंबकाच्या मध्यें ताणून धरली. स्पंदनाबरोबर ती तार थरथरे आणि तिची छाया टिपली जाई. कल्पना इतकी नाजूक, पण यंत्र मात्र सुमारें २७० किलोग्रॅम वजनाचें व दोन खोल्या व्यापणारें होतें. तें चालविण्यास पांच माणसें लागत, आणि चुंबक तापूं नये म्हणून सारखें पाणी खेळवावें लागे. असलें धूड रुग्णालयांत नेणें शक्य नव्हतें. उलट, अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांना प्रयोगशाळेंत आणणें तर त्याहून कठीण. तेव्हां रोगी आपल्या जागीं, यंत्र आपल्या जागीं आणि मध्यें तार, असा तोडगा निघाला. पुढें सन १९२४ चें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें तें या शोधाबद्दल.

परंतु त्या दिवशींच्या रेषेंत आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्याकडे इतिहासकारांचें लक्ष जितकें जावें तितकें जात नाहीं. त्या रेषेंतील शिखरें उंच आलीं होतीं. त्याचें कारण असें देण्यांत आलें कीं, तो गृहस्थ नुकताच सायकल मारीत आला होता. म्हणजे त्यानें तोंडानें कांहीं सांगितलें नसतांहि, तो कसा आला हें त्याच्या हृदयानें तारेवरून कळविलें. विचारलें होतें एक आणि उत्तरांत आलीं दोन. सायकलीची गोष्ट निरुपद्रवी होती म्हणून तिची मौज वाटली. पण तारेच्या दुसऱ्या टोंकाला बसलेल्या माणसांना, रोग्यानें न सांगितलेली गोष्टहि कळूं शकते, हें त्या पहिल्याच दिवशीं सिद्ध झालें.

आतां वैद्य आणि रोगी यांच्यामधील जुना करार काय होता, तें पाहिलें पाहिजे. चरकसंहितेच्या विमानस्थानांत, आठव्या अध्यायांत, वैद्यकाच्या अध्ययनास आरंभ करणाऱ्या शिष्यानें कोणतीं बंधनें पत्करावयाचीं तें सांगितलें आहे. रोग्याच्या घरांत परिचित व प्रवेशाची मुभा असलेल्या माणसाबरोबरच पाऊल टाकावें, मन, वाणी व बुद्धि रोग्याच्या हिताखेरीज अन्यत्र गुंतवूं नयेत, आणि त्या कुटुंबांतील रीतिभाति बाहेर फोडूं नयेत, अशीं तीं बंधनें. ग्रीसमधील हिपोक्रेटिसच्या नांवानें चालत आलेल्या शपथेंतहि, जें ऐकूं-पाहूं नये तें ऐकलें-पाहिलें गेल्यास तें पोटांत ठेवण्याचें वचन आहे. आपल्याकडे रोग्याच्या खाटेभोंवतीं सारें घर गोळा होतें हें खरें. पण अखेर तें घरच. गुपित कोणाकोणाजवळ आहे तें रोग्याला बोटांवर मोजतां येई, आणि त्यांतील परका असा एकच, तो म्हणजे वैद्य. त्यानें शपथ घेतलेली. लायडनच्या तारेनें या हिशेबांत प्रथमच फरक पाडला. तारेच्या त्या टोंकाला पांच माणसें यंत्र चालवीत होतीं, आणि रोग्याला त्यांचीं तोंडेंहि दिसत नव्हतीं.

तारेमागोमाग बिनतारी संदेश आला. सन १९२४ च्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंतील ‘रेडिओ न्यूज’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर एक चित्र आलें: घरीं बसलेला रोगी, समोर एक पेटी आणि पेटीच्या पडद्यावर डॉक्टर. चित्राखालीं ‘रेडिओ डॉक्टर’ असें लिहून पुढें ‘कदाचित्’ हा शब्द उद्गारचिन्हासह जोडलेला होता. त्या वेळीं दूरचित्रवाणी कोणाच्या घरांत आलेली नव्हती. कल्पनेच्या आधीं गरज मात्र समुद्रावर जन्मली होती. भर समुद्रांत खलाशी आजारी पडला तर कप्तानानें करावें काय? रोम येथें सन १९३५ मध्यें स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय नभोवाणी वैद्यकीय केंद्रानें याचें उत्तर दिलें. कोणत्याहि राष्ट्राच्या जहाजानें बिनतारी संदेशानें लक्षणें कळवावीं आणि केंद्रांतील डॉक्टरांनीं विनामूल्य सल्ला द्यावा, अशी ती योजना. तिचे पहिले अध्यक्ष स्वतः मार्कोनी होते. नभोवाणीच्या चरित्रांत संगीत आणि राजकारण यांना पानेंच्या पानें मिळतात. या केंद्राला एखादी ओळहि मिळत नाहीं.

याहून मनोवेधक कथा ऑस्ट्रेलियाची. त्या खंडाच्या अंतर्भागांत एका घरापासून दुसरें घर कित्येक कोस दूर, आणि डॉक्टर तर शेंकडों मैलांवर. जॉन फ्लिन या पाद्र्याच्या खटपटीनें सन १९२८ च्या मे महिन्यांत क्वीन्सलंडमधील क्लॉनकरी येथून डॉक्टरांचें विमान उडूं लागलें. परंतु विमान बोलवावयाचें तरी कसें? त्या घरांना ना तार होती, ना वीज. आल्फ्रेड ट्रेगर नांवाच्या कारागिरानें सायकलीच्या पायट्यांवर वीज उत्पन्न करणारा बिनतारी संच तयार केला, आणि सन १९२९ पासून तो घरोघर बसूं लागला. लायडनच्या गृहस्थानें सायकल मारली ती रुग्णालयापर्यंत जाण्यासाठीं. येथें खुर्चीवर बसल्या जागीं पाय मारले कीं रुग्णालयच घरीं येई. आरंभीं केवळ टिंबटिंब-रेघांची मोर्सची भाषा चाले. पुढें प्रत्यक्ष बोलतां येऊं लागलें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत औषधांच्या पेट्या दिल्या गेल्या. पेटींतील प्रत्येक औषधाला क्रमांक होता. आईनें मुलाचें दुखणें सांगावें आणि डॉक्टरनें अमुक क्रमांकाची गोळी द्या म्हणून सांगावें. अक्षरओळख बेताची असली तरी काम अडत नसे.

मात्र ही सारी बातचीत मोकळ्या लहरीवर चाले. ज्याच्या घरीं संच, त्याला ती ऐकूं येई. एखाद्या बाईच्या बाळंतपणाची अडचण, एखाद्याच्या पोटांतील कळ, सारें कांहीं दहा घरीं पोहोंचे. ऐकणारे शेजारीच असल्यामुळें आणि स्वतःवरहि उद्यां तीच पाळी येणार हें प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळें त्याचा बोभाटा झाला नसावा. तरीहि ज्या स्त्रीला जीव वांचवावयाचा आहे तिनें लाज बाजूस ठेवावी, असा सौदा तेथें मुकाट्यानें झालाच होता. सौदा वाईट होता असें म्हणण्याचें धाडस घरापासून चार पावलांवर दवाखाना असलेल्या शहरी माणसानें तरी करूं नये. पण तो सौदा होता, आणि त्याची किंमत रोग्यानेंच दिली, एवढें नमूद करून ठेवलें पाहिजे.

येथवरच्या सर्व साधनांत एक समान गुण होता. आवाज हवेंत विरून जाई. रेषा कागदावर राही, पण कागद एकच असे आणि तो डॉक्टरच्या कपाटांत पडे. संगणकानें हा गुण नाहींसा केला. त्यानें हृदयाच्या त्याच वळणदार रेषेचे तुकडे पाडले. एका सेकंदांत पांचशे वेळां ती रेषा किती उंच आहे तें मोजावयाचें आणि प्रत्येक माप आंकड्यांत लिहून ठेवावयाचें. रेषेचे असे आंकडे झाले म्हणजे ‘डिजिटल’ या शब्दाचा अर्थ पुरा झाला. दिसावयास गोष्ट लहान. परिणाम मात्र फार मोठा. आंकड्यांची प्रत काढली तर मूळ झिजत नाहीं, आणि प्रत निघाली हें मूळ मालकाला कळतहि नाहीं. कपाटांतील कागद चोरीस गेला तर जागा रिकामी दिसते. आंकडे चोरीस गेले तरी जागच्या जागींच असतात. शिवाय हजारों रोग्यांचे कागद पोत्यांत भरून ठेवले तर ती रद्दी. हजारों रोग्यांचे आंकडे एकत्र केले तर त्यांतून नवा अर्थ काढतां येतो, आणि ज्यांतून अर्थ निघतो त्याला गिऱ्हाईकहि मिळतें.

आंकडे हातीं आल्यावर यंत्राला विचार करावयास लावण्याची उमेद माणसाला वाटणें साहजिक होतें. अमेरिकेंतील जोसेफ वाय्‌झेनबाउम या शास्त्रज्ञानें सन १९६६ मध्यें ‘एलायझा’ नांवाची एक संगणकीय आज्ञावली प्रसिद्ध केली. मानसोपचारतज्ज्ञ रोग्याचेंच वाक्य फिरवून त्याला प्रश्न विचारतो, त्याची ती नक्कल होती. समज तिच्यांत तिळभरहि नव्हती. परंतु तिचें काम कसें चालतें हें महिनोन्‌महिने पाहिलेल्या त्यांच्याच कार्यालयांतील सचिव बाईंनीं यंत्राशीं चार शब्द बोलल्यावर, आपण जरा बाहेर जाल का, असें वाय्‌झेनबाउम यांना सुचविलें. यंत्रापाशीं मन मोकळें करतांना यंत्र घडविणाराच त्यांना परका वाटला! वाय्‌झेनबाउम या अनुभवानें इतके अस्वस्थ झाले कीं, पुढें सन १९७६ मध्यें त्यांनीं संगणकाच्या मर्यादांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. यंत्राला समज नसली तरी माणूस त्याला गुपित सांगतो, हें तेव्हांपासून लक्षांत यावयास हवें होतें.

स्टॅनफर्ड विद्यापीठांत सन १९७० नंतरच्या दशकांत तयार झालेली ‘मायसिन’ ही आज्ञावली खरोखरच बुद्धिमान ठरली. रक्तांतील व मेंदूच्या आवरणांतील जंतुसंसर्गावर कोणतें औषध द्यावें याचे सुमारें सहाशें नियम तिच्यांत घातले होते. सन १९७९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेंत, उत्तर कोणाचें तें न सांगतां, तिचीं व डॉक्टरांचीं उत्तरें तज्ज्ञांपुढें ठेवण्यांत आलीं. मायसिनचीं ६५ टक्के उत्तरें ग्राह्य ठरलीं. त्याच विद्यापीठांतील तज्ज्ञ डॉक्टरांपैकीं एकाचेंहि प्रमाण त्याहून अधिक भरलें नाहीं. तरीहि ती प्रत्यक्ष रोग्यांसाठीं कधींच वापरली गेली नाहीं. यंत्रें त्या काळीं संथ होतीं हें एक कारण; पण चुकीच्या सल्ल्यानें रोगी दगावला तर दोषी कोण, हा प्रश्नहि तेव्हांच पुढें आला होता.

तो प्रश्न किती खरा होता हें थोड्याच वर्षांत दिसून आलें. ‘थेरॅक-२५’ हें कर्करोगावर किरणोपचार करणारें कॅनेडियन यंत्र पूर्वींच्या यंत्रांपेक्षां अधिक प्रमाणांत संगणकावर सोंपविलेलें होतें. जुन्या यंत्रांत धोका थांबविणारे जे प्रत्यक्ष अडसर होते, ते यांत संगणकावर भरंवसा ठेवून काढून टाकलेले. सन १९८५ ते १९८७ या अवधींत सहा रोग्यांना या यंत्रानें प्रमाणाबाहेर प्रचंड मात्रा दिली, आणि त्यांतील निदान तिघे त्यामुळें दगावले. यंत्रापुढें बसलेल्या व्यक्तीनें आज्ञा भराभर दुरुस्त केली कीं आंतील आज्ञावली गोंधळे, आणि पडद्यावर केवळ ‘बिघाड ५४’ एवढीं अक्षरें येत. असे संदेश रोजच येत असल्यामुळें पुढें चालूं देण्याची सवय जडलेली. रोगी भाजल्यासारखें झालें म्हणून ओरडत होते. कारखाना म्हणत होता, असें होणेंच शक्य नाहीं. रोग्याच्या किंकाळीपेक्षां यंत्राच्या मौनावर अधिक विश्वास ठेवला गेला. अखेर टेक्सस संस्थानांतील टायलर येथील रुग्णालयांत यंत्र चालविणाऱ्या व्यक्तीनें व तेथील पदार्थवैज्ञानिकानें चिकाटीनें तोच क्रम पुनःपुन्हां करून दोष उघड केला.

ही चूक निदान दिसण्यासारखी होती. न दिसणारी चूक सन २०१९ मध्यें ‘सायन्स’ या नियतकालिकांत उघडकीस आली. अमेरिकेंतील रुग्णालयांत मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी एक आज्ञावली, कोणत्या रोग्याला अधिक देखरेख हवी तें ठरवी. आजार किती हें मोजावयाचें, तर तिनें मोजलें तें आजपर्यंत खर्च किती झाला हें. कृष्णवर्णीयांवर पूर्वीपासून खर्चच कमी झाला होता, म्हणून ते तितकेच आजारी असूनहि यंत्राच्या लेखीं धडधाकट ठरले. हा दोष दूर केल्यास अधिक देखरेखीस पात्र ठरणाऱ्यांत त्यांचें प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असा हिशेब संशोधकांनीं मांडला. कोणी द्वेषानें हें केलें नव्हतें. औषधोपचाराचीं बिलें वाचून यंत्र जें शिकलें तेंच तें सांगत होतें.

इतकें असूनहि तार तोडून टाकावी असें म्हणतां येत नाहीं, कारण तारेनें जें दिलें आहे तेंहि तितकेंच खरें आहे. गडचिरोली जिल्ह्यांत पावसाळ्यांत पर्लकोटा नदीला पूर आला कीं भामरागडचा रस्ता बंद पडतो. अशा ठिकाणच्या तापकऱ्याला नागपूरचा तज्ज्ञ पडद्यावर दिसला तर त्याचें मोल पुण्या-मुंबईच्या माणसाला सहज उमगणार नाहीं. (पुरांत तार टिकली पाहिजे, ही गोष्ट वेगळी.) भारतांत या कामाचा आरंभ सन २००० च्या सुमारास झाला. आंध्र प्रदेशांतील आरागोंडा या खेड्यांतील रुग्णालय दूरवरच्या तज्ज्ञांशीं जोडलें गेलें, आणि त्याच सुमारास भारतीय अंतराळ संशोधन संस्थेनें उपग्रहाच्या साह्यानें दूरच्या जिल्ह्यांतील रुग्णालयें मोठ्या रुग्णालयांना जोडण्याचें कार्य हातीं घेतलें. तिकडे सन २००१ च्या सप्टेंबर महिन्यांत न्यूयॉर्क येथें बसलेल्या शल्यविशारदांनीं फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथील एका वृद्धेचें पित्ताशय यंत्रहस्तानें काढलें. मध्यें सहा हजार किलोमीटरांहून अधिक अंतर होतें. त्याचा गाजावाजा फार झाला. पण सामान्य माणसाच्या उपयोगी पडली ती साधी बातचीतच. भारत सरकारची ‘ई-संजीवनी’ ही सेवा सन २०१९ च्या अखेरीस सुरू झाली, पुढील वर्षीं साथीच्या टाळेबंदींत ती थेट घरांतून वापरतां येऊं लागली, आणि सन २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत तिच्यावरील सल्ल्यांची संख्या १० कोटींपलीकडे गेली.

या नव्या रीतीचे नियम २५ मार्च २०२० रोजीं प्रसिद्ध झाले. दूरवरून कोणतीं औषधें लिहून द्यावींत व कोणतीं देऊंच नयेत याच्या याद्या त्यांत आहेत; आणि कृत्रिम बुद्धीच्या यंत्रानें डॉक्टरला साह्य करावें, पण स्वतः रोग्याला सल्ला देऊं नये व औषध लिहूं नये, असें स्पष्ट बजावलें आहे. मायसिनच्या वेळीं जो प्रश्न टाळला गेला होता, त्याचें उत्तर येथें तूर्त तरी माणसाच्या खांद्यावर टाकलें आहे.

परंतु साथ केवळ सोयी आणीत नाहीं. सत्तेलाहि ती घरांत आणते. महाराष्ट्राला हें कोणी शिकवावयास नको. सन १८९६ च्या सप्टेंबरमध्यें मुंबईच्या मांडवी भागांत मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. त्यानंतर सरकारनें सन १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा केला, आणि त्या वर्षींच्या वसंतांत पुण्यांत गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी हुडकूं लागले. स्वयंपाकघर, देवघर, माजघर, कांहींच सुटलें नाहीं. प्लेग खरा होता, शोधाची गरजहि खोटी नव्हती. पण ज्याच्या घरांत शोध होतो त्याला विचारण्याची गरज कोणास वाटली नाहीं. लोकांनीं रोगी लपविले, कारण रोग सांगणें हेंच भयाचें झालें. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर जें घडलें, तें सर्वश्रुत आहे.

१८९७ चा तोच कायदा सन २०२० मध्यें पुन्हां बाहेर काढण्यांत आला. या खेपेस सोजीर आले नाहींत. २ एप्रिल रोजीं ‘आरोग्य सेतु’ ही मोबाइलवर घ्यावयाची आज्ञावली आली. कोणाचा मोबाइल कोणाच्या मोबाइलजवळ आला याची नोंद ती ठेवी. दीड महिन्याच्या आंत १० कोटी लोकांनीं ती घेतली. १ मेच्या आदेशानें ती कचेरींत जाणाऱ्या सर्वांना सक्तीची झाली, आणि टीका होतांच १७ मे रोजीं ती सक्ती सौम्य करण्यांत आली. पुढें माग काढण्याचें तें अंग बंद केल्याचें व त्यांतील माहिती पुसून टाकल्याचें सरकारनें सन २०२३ मध्यें संसदेंत सांगितलें. पुण्याचा प्लेग आणि ही साथ यांची बरोबरी करणें अन्यायाचें होईल. येथें कोणाचें देवघर विटाळलें नाहीं. मात्र एक फरक उलट दिशेचाहि आहे. सोजीर दारांत आला कीं घरच्यांना तो दिसे.

आतां या सर्व नोंदी एकत्र जोडण्याचें काम चालूं आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजीं देशभर सुरू झालेल्या योजनेखालीं नागरिकाला चौदा आंकडी आरोग्य-क्रमांक मिळतो. नोंदी एका कोठारांत भरावयाच्या नाहींत. ज्या रुग्णालयांत त्या झाल्या तेथेंच राहाव्या आणि रोग्याची संमति मिळाली तरच दुसऱ्याकडे जाव्या, अशी तिची रचना. रचना विचारपूर्वक केलेली आहे यांत शंका नाहीं. जुनीं कागदपत्रें गांवोगांव घेऊन हिंडणाऱ्या रोग्याचा त्रास ज्यानें पाहिला आहे, तो तिला नांवें ठेवणार नाहीं. पण संमति म्हणजे काय? खिडकीशीं रांग, मागें लोकांचा रेटा, आणि पडद्यावर इंग्रजींत चार ओळी; खालीं बोट टेकवावयाचें. करोनाची लस घेतांना आधार क्रमांक दिलेल्या अनेकांच्या नांवें, न विचारतांच असा आरोग्य-क्रमांक निघाल्याचें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें होतें. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. हक्क कागदावर आहे आणि बोट पडद्यावर.

नोंदी जेथें आहेत तेथें तरी सुरक्षित आहेत काय? २३ नोव्हेंबर २०२२ रोजीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे संगणक बंद पडले. अज्ञात चोरांनीं बाहेरून आंत शिरून पांच संगणकांतील माहितीला स्वतःचें कुलूप घातलें होतें. सुमारें दोन आठवडे त्या अवाढव्य रुग्णालयाचें काम हातानें चाललें. केसपेपर पेनानें लिहिले गेले, तपासणीचे निकाल माणसांनीं पोहोंचते केले. कुलूप घालणें हा चोरीचा एक प्रकार. उघडून दाखविणें हा दुसरा, आणि तो फिनलंडमध्यें घडला.

त्या लहानशा देशांत ‘वास्तामो’ नांवाची मानसोपचाराची एक मोठी खासगी संस्था होती. रोग्यानें खोलींत येऊन बोलावें, उपचारकानें तें टिपून ठेवावें आणि टिपण संगणकांत जावें. सन २०१८ मध्यें चोरानें तें दप्तर उचललें. रुग्णांना त्याचा पत्ता सन २०२० च्या ऑक्टोबरपर्यंत नव्हता. प्रथम त्यानें संस्थेकडे खंडणी मागितली. ती मिळेना, तेव्हां त्यानें अभूतपूर्व असा मार्ग धरला: प्रत्येक रोग्याला स्वतंत्र पत्र. दोनशे युरो द्या, नाहीं तर तुम्ही बंद खोलींत जें बोललां तें जगजाहीर करूं. सुमारें ३३,००० लोकांच्या नोंदी त्याच्या हातीं होत्या. कोणाचा संसार, कोणाची व्यसनें, कोणाच्या बाळपणींचे घाव. आईबापांनाहि न सांगितलेलें सारें. शेंकडों नोंदी त्यानें प्रसिद्धहि केल्या. वीस हजारांहून अधिक लोकांनीं पोलिसांत तक्रारी गुदरल्या, संस्था दिवाळ्यांत निघाली, आणि सन २०२४ च्या एप्रिलमध्यें न्यायालयानें आरोपीला सहा वर्षें तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. त्या उपचारकांपैकीं कोणी शपथ मोडली नव्हती. त्यांच्या तोंडून एक अक्षरहि बाहेर गेलें नव्हतें.

भारतांत सन २०१८ मध्यें खास आरोग्यविषयक माहितीच्या रक्षणासाठीं एका विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला होता. त्याचा कायदा झाला नाहीं. सन २०२३ च्या ऑगस्टमध्यें जो कायदा झाला तो सर्वच व्यक्तिगत माहितीसंबंधींचा आहे; बँकेचें खातें आणि मनाचा आजार यांत तो भेद करीत नाहीं. माहितीचें रक्षण करण्यांत कसूर करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद त्यांत आहे, आणि ती रक्कम थोडी नव्हे. तो दंड भारताच्या संचित निधींत जमा व्हावयाचा आहे. पूर्वींच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यांत पीडिताला नुकसानभरपाई मागण्यास आधार देणारें एक कलम होतें. तें वगळण्याची तरतूदहि याच कायद्यांत केलेली आहे. ज्याचें गुपित फुटलें, त्याच्या पदरांत त्या अडीचशें कोटींपैकीं एक रुपया पडावा असें या कायद्यांत कोठेंहि लिहिलेलें नाहीं.